जलसंजीवनीच्या पुडीतील कण कसे मोजावेत?
मोल आणि कणसंख्या यांच्या रूपांतराचे गणित

वर्धा, प्रतिनिधी

पावसाळ्याच्या तोंडावर अतिसाराचे रुग्ण वाढू लागले की वर्धा जिल्ह्यातील गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांतून आणि आशा स्वयंसेविकांमार्फत जलसंजीवनीच्या, म्हणजेच ओआरएसच्या पुड्या वाटल्या जातात. एक लिटर पाण्यासाठीच्या या पुडीत अवघी २०.५ ग्रॅम भुकटी असते. पुडीवर चार घटकांची नावे आणि त्यांचे ग्रॅममधील वजन छापलेले असते. त्याच्या खाली बहुधा आणखी एक तक्ता असतो आणि त्यातील आकडे 'मिलीमोल प्रति लिटर' या एककात दिलेले असतात. पुडी वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांची नजर या दुसऱ्या तक्त्यावरून तशीच पुढे सरकते. प्रत्यक्षात या औषधाचे मर्म त्या दुसऱ्या तक्त्यातच आहे.

राज्य मंडळाच्या इयत्ता नववीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विषयाच्या २०१७ मधील पाठ्यपुस्तकात 'द्रव्याचे मोजमाप' या प्रकरणात मोल संकल्पनेचा समावेश करण्यात आला. अकरावीच्या रसायनशास्त्राची सुरुवातही याच संकल्पनेने होते. तरीही ग्रॅममधून मोल, मोलमधून कणसंख्या आणि पुन्हा उलट असे रूपांतर करताना अनेक विद्यार्थी अडखळतात. सूत्र पाठ असते. परंतु ते कशासाठी, हे उमगलेले नसते. जलसंजीवनीच्या पुडीच्या आधारे हे गणित समजून घेतल्यास त्याची गरजही स्पष्ट होते.

मोजण्याऐवजी वजन करणे

लहान वस्तू मोठ्या संख्येने असल्या की त्या एकेक करून मोजल्या जात नाहीत. शेतकऱ्याला सोयाबीनच्या दाण्यांची संख्या हवी असेल तर तो पोते रिकामे करून दाणे मोजत बसत नाही. शंभर दाण्यांचे वजन करून तो हिशेब करतो. समजा, शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम भरले, तर एका किलोत सुमारे ८,३३० दाणे आहेत, हे तराजूच सांगतो. वाण बदलले, दाणा टपोरा असला, की शंभर दाण्यांचे वजन वाढते आणि त्याच एका किलोत दाण्यांची संख्या कमी भरते. समान वजन म्हणजे समान संख्या नव्हे, ही या हिशेबातील मुख्य गोष्ट आहे.

अणू आणि रेणू यांच्या बाबतीत हीच युक्ती वापरावी लागते. फरक एवढाच, की ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि चिमूटभर पदार्थातही त्यांची संख्या कल्पनेपलीकडची असते. त्यामुळे शंभर, डझन, कोडी किंवा ग्रोस ही एकके तेथे अपुरी पडतात. रसायनशास्त्राने त्यासाठी स्वतःचे एकक ठरविले आहे. तेच मोल होय.

मोल म्हणजे काय?

डझन म्हणजे १२, ग्रोस म्हणजे १४४, त्याचप्रमाणे एक मोल म्हणजे ६.०२२ × १० चा २३ वा घात इतके कण. या संख्येला ॲव्होगॅड्रो अंक असे म्हणतात. हे कण अणू, रेणू, आयन किंवा इलेक्ट्रॉन यांपैकी कोणतेही असू शकतात. म्हणूनच 'एक मोल' एवढेच म्हणणे पुरेसे नसते. एक मोल कशाचे, हे सांगणे आवश्यक असते.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संख्यांच्या स्थानांची नावे एकापासून परार्धापर्यंत दिलेली आहेत. परार्ध म्हणजे १ या अंकावर १७ शून्ये. ॲव्होगॅड्रो अंक त्या भाषेत सांगायचा तर तो सुमारे ६० लक्ष परार्ध इतका भरतो. जगातील सुमारे ८०० कोटी लोकांनी दर सेकंदाला एक याप्रमाणे अखंड मोजणी केली, तरी एका मोलमधील कण मोजून संपण्यास सुमारे २४ लाख वर्षे लागतील. तेवढेच कण असलेले पाणी मात्र १८ ग्रॅम, म्हणजे जेमतेम चार चमचे असते.

रसायनशास्त्रातील मोल आणि मराठीत किंमत या अर्थी वापरला जाणारा मोल यांचा परस्परांशी संबंध नाही. रेणू या अर्थाच्या जर्मन शब्दावरून हे नाव आले असून ते विल्हेल्म ओस्टवाल्ड या शास्त्रज्ञाने रूढ केले.

अंकाचा इतिहास

इटलीतील शास्त्रज्ञ आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये एक सिद्धांत मांडला. समान तापमान आणि समान दाब असताना वेगवेगळ्या वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, असे त्यांचे म्हणणे होते. ही संख्या किती, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. योहान लॉश्मिट यांनी १८६५ मध्ये रेणूच्या आकाराचा अंदाज बांधला आणि वायूतील रेणूंच्या संख्येचा हिशेब शक्य झाला. पुढे फ्रान्सचे ज्याँ पेरँ यांनी १९०९ मध्ये या संख्येला ॲव्होगॅड्रो यांचे नाव देण्याचे सुचविले. त्यांना १९२६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोलला १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीतील मूलभूत एककाचा दर्जा मिळाला. त्या वेळी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू असतात तितके कण म्हणजे एक मोल, अशी व्याख्या होती. २० मे २०१९ पासून ही व्याख्या बदलली. आता एका मोलमध्ये नेमके ६.०२२१४०७६ × १० चा २३ वा घात इतके कण असतात, असे ठरविण्यात आले आहे. शालेय उदाहरणांसाठी ६.०२२ हा अंक पुरेसा असतो.

दोन पायऱ्यांचे रूपांतर

तराजू ग्रॅम सांगतो. रासायनिक क्रिया मात्र कणांच्या संख्येनुसार होते. या दोहोंमध्ये मोल हा पूल आहे. ग्रॅमपासून कणांपर्यंत जाताना दोन पायऱ्या ओलांडाव्या लागतात.

पहिली पायरी : मोल = ग्रॅममधील वस्तुमान ÷ एका मोलचे वस्तुमान.

दुसरी पायरी : कणांची संख्या = मोल × ६.०२२ × १० चा २३ वा घात.

उलट दिशेने जायचे असल्यास पायऱ्याही उलट होतात. कणांच्या संख्येला ॲव्होगॅड्रो अंकाने भागले की मोल मिळतात आणि मोलला एका मोलच्या वस्तुमानाने गुणले की ग्रॅम मिळतात.

एका मोलचे वस्तुमान काढणे अवघड नाही. रेणुसूत्रातील सर्व अणूंच्या अणुवस्तुमानांची बेरीज करून तोच आकडा ग्रॅममध्ये वाचावा. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. २ अधिक १६ म्हणजे १८. म्हणून एक मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम.

समजा, एका पेल्यात १८० ग्रॅम पाणी आहे. १८० ला १८ ने भागल्यास १० मोल मिळतात. त्यास ॲव्होगॅड्रो अंकाने गुणल्यास ६.०२२ × १० चा २४ वा घात इतके पाण्याचे रेणू मिळतात. याच पेल्यात एकूण अणू किती, असे विचारले तर या संख्येस तीनने गुणावे लागेल, कारण प्रत्येक रेणूत तीन अणू असतात.

उलट उदाहरण पाहू. पाण्याचे ३.०११ × १० चा २३ वा घात इतके रेणू दिले आहेत. त्यांना ॲव्होगॅड्रो अंकाने भागल्यास ०.५ मोल मिळतात. ०.५ गुणिले १८ म्हणजे ९ ग्रॅम पाणी.

पुडीचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठीच्या पुडीत मीठ म्हणजे सोडिअम क्लोराईड २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. वजनांकडे पाहिल्यास ग्लुकोज मिठाच्या पाचपट आहे असे दिसते. आता पहिली पायरी ओलांडून पाहू.

ग्लुकोज : एका मोलचे वस्तुमान १८० ग्रॅम. १३.५ ÷ १८० = ०.०७५ मोल.

मीठ : एका मोलचे वस्तुमान २३ अधिक ३५.५ म्हणजे ५८.५ ग्रॅम. २.६ ÷ ५८.५ = ०.०४४४ मोल.

पोटॅशिअम क्लोराईड : एका मोलचे वस्तुमान ७४.५ ग्रॅम. १.५ ÷ ७४.५ = ०.०२०१ मोल.

ट्रायसोडिअम सायट्रेट : स्फटिकातील पाण्याचे दोन रेणू धरून एका मोलचे वस्तुमान २९४ ग्रॅम. २.९ ÷ २९४ = ०.००९९ मोल.

हे आकडे फार लहान असल्याने ते मोलच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलीमोलमध्ये लिहितात. ग्लुकोज ७५ मिलीमोल, मीठ ४४.४ मिलीमोल, याप्रमाणे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पाण्यात विरघळताना मिठाचे सोडिअम आणि क्लोराईड असे दोन आयन वेगळे होतात. सायट्रेटच्या एका एककातून तर सोडिअमचे तीन आयन सुटतात. त्यामुळे पुडीतील एकूण सोडिअम काढताना मिठातील ४४.४ आणि सायट्रेटमधील ९.८६ गुणिले ३, म्हणजे २९.६, यांची बेरीज करावी लागते. ती ७४ येते. ग्रॅममधील वजने पूर्णांकित केलेली असल्याने हा किंचित फरक राहतो. तक्त्यात हा आकडा ७५ असा दिलेला असतो.

म्हणजेच ग्लुकोज ७५ मिलीमोल आणि सोडिअमही ७५ मिलीमोल. दुसरी पायरी ओलांडल्यास ग्लुकोजचे रेणू ४.५२ × १० चा २२ वा घात आणि सोडिअमचे आयनही जवळपास तितकेच भरतात. वजनात ज्यांचा मेळ दिसत नव्हता, ते दोन घटक संख्येत एकास एक आहेत. पुडीवरील दुसरा तक्ता नेमके हेच सांगतो.

संख्या समान का ठेवतात?

याचे उत्तर आतड्याच्या पेशींमध्ये आहे. लहान आतड्याच्या अस्तरात सोडिअम आणि ग्लुकोज यांना एकत्रच आत घेणारे वाहक प्रथिन असते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत ही कल्पना मांडली. हे प्रथिन ग्लुकोजच्या एका रेणूसोबत सोडिअमचे दोन आयन उचलते. काही सोडिअम आतड्यातील स्रावांतूनही उपलब्ध होत असते. हे कण आत शिरले की त्यांच्यापाठोपाठ पाणीही शोषले जाते. तीव्र अतिसारातही ही वाट बहुतांशी शाबूत राहते. म्हणूनच नुसते पाणी किंवा नुसते मीठ-पाणी जे करू शकत नाही, ते मीठ आणि ग्लुकोज यांचे योग्य मिश्रण करू शकते. या वाहकाला ग्रॅम कळत नाहीत. त्याचा व्यवहार कणांच्या संख्येत चालतो. द्रावणात ग्लुकोजची मोलसंख्या सोडिअमच्या किमान बरोबरीने असावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष त्यातूनच आला आहे.

या ज्ञानाची मोठी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यावयाच्या सलाईनचा साठा अपुरा पडू लागला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम सोडिअम बायकार्बोनेट असे मिश्रण करून ते रुग्णांना तोंडाने देण्यास सुरुवात केली. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ मध्ये या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांमध्ये केली. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

ग्रामीण भागासाठी या शोधाचे महत्त्व विशेष आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली, ती खेड्यातील रुग्णासाठी खेड्यातच डॉक्टर घडावेत या हेतूने. जेथे सलाईन लावणारे कोणी हाताशी नसते, तेथे आईच्या हातातील पेला आणि चमचा हेच पहिले उपचार ठरतात. मात्र ते नेमक्या प्रमाणात असावे लागतात.

एक लिटरचा आग्रह कशासाठी?

मोल आणि मोल प्रति लिटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुडीतील कणांची संख्या ठरलेली असते. ती पाणी कमी घेतल्याने घटत नाही आणि जास्त घेतल्याने वाढत नाही. बदलते ती दर लिटरमागील संख्या.

संपूर्ण पुडी एक लिटर पाण्यात विरघळविल्यास सोडिअम ७५, क्लोराईड ६५, ग्लुकोज ७५, पोटॅशिअम २० आणि सायट्रेट १० मिळून लिटरमागे २४५ मिलीमोल कण होतात. रक्तातील कणांचे प्रमाण २७५ ते २९५ च्या दरम्यान असते. द्रावण रक्तापेक्षा किंचित पातळ असल्याने पाणी आतड्यातून शरीरात जाते. हीच पुडी २०० मिलिलिटरच्या पेल्यात विरघळविल्यास प्रमाण पाचपट होऊन कण १,२२५ मिलीमोलवर जातात आणि सोडिअम ३७५ वर. अशा वेळी पाणी उलट शरीरातून आतड्याकडे ओढले जाते. रक्तातील सोडिअम वाढून लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. दुसरीकडे, दोन लिटर पाणी घेतल्यास सोडिअम ३७.५ वर येते आणि झालेली हानी भरून निघत नाही. बाजारात २०० मिलिलिटरसाठीच्या लहान पुड्याही मिळतात. त्यामुळे पुडी कोणत्या मापाची आहे हे वाचूनच पाणी घ्यावे. पुडी अर्धी करून वापरू नये, कारण भुकटीतील घटक दोन्ही भागांत सारखे येतीलच असे नाही.

प्रमाणाचा हा मुद्दा किती निर्णायक आहे, हे सूत्रातील बदलावरूनही दिसते. पूर्वीच्या सूत्रात लिटरमागे कणांची संख्या ३११ मिलीमोल होती. ती २४५ वर आणल्यानंतर मुलांमधील जुलाबाचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी, उलट्या सुमारे ३० टक्क्यांनी आणि शिरेतून सलाईन देण्याची गरज सुमारे ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. घटक तेच राहिले, केवळ मीठ आणि ग्लुकोज यांची संख्या कमी करण्यात आली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. साखरेचे प्रमाण जास्त असलेले गोड पेय अतिसार वाढवू शकते. लेबलावरील मिलीमोलचे आकडे वाचता येणाऱ्या ग्राहकाला हा फरक स्वतःच ओळखता येईल.

नेहमीच्या चुका

रूपांतराची उदाहरणे सोडविताना पुढील चुका वारंवार होतात.

* ग्रॅमला थेट ॲव्होगॅड्रो अंकाने गुणणे. ग्रॅममधून आधी मोल काढणे अनिवार्य आहे.

* मिलिग्रॅमचे ग्रॅम करण्यास विसरणे. अतिसारात मुलांना दिल्या जाणाऱ्या झिंकच्या गोळीत २० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०२ ग्रॅम झिंक असते. झिंकचे अणुवस्तुमान ६५.४. म्हणून ०.०००३०६ मोल आणि १.८४ × १० चा २० वा घात इतके अणू. येथे २० ग्रॅम धरल्यास उत्तर हजारपट चुकते.

* रेणू आणि अणू यांत गल्लत करणे. ग्लुकोजच्या एका रेणूत २४ अणू असतात. प्रश्नात काय विचारले आहे, ते आधी पाहावे.

* आयन वेगळे होतात हे विसरणे. एक मोल मिठापासून दोन मोल आयन मिळतात.

* स्फटिकातील पाणी न धरणे. सायट्रेटचे वस्तुमान २९४ ऐवजी २५८ घेतल्यास सोडिअमचा हिशेब चुकतो.

* ग्लुकोज आणि साखर एकच समजणे. साखरेच्या एका मोलचे वस्तुमान ३४२ ग्रॅम असते. तिच्या एका रेणूपासून पचनानंतर ग्लुकोजचा एकच रेणू मिळतो. त्यामुळे ७५ मिलीमोल ग्लुकोजसाठी १३.५ नव्हे, तर सुमारे २५.७ ग्रॅम साखर लागते.

सरावासाठी

१) ३६ ग्रॅम पाण्यात किती रेणू असतात?

२) कार्बन डायऑक्साईडच्या ३.०११ × १० चा २३ वा घात इतक्या रेणूंचे वस्तुमान किती?

३) ११.७ ग्रॅम मीठ पाण्यात विरघळविल्यास एकूण किती आयन मिळतील?

४) जलसंजीवनीच्या जुन्या सूत्रात ३.५ ग्रॅम मीठ आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडिअम सायट्रेट होते. त्यात सोडिअम किती मिलीमोल होते?

५) रुग्णाच्या अहवालात रक्तातील सोडिअम १४० मिलीमोल प्रति लिटर आहे. लिटरमागे सोडिअमचे आयन किती?

उत्तरे : १) २ मोल, म्हणजे १.२०४४ × १० चा २४ वा घात. २) ०.५ मोल, म्हणजे २२ ग्रॅम. ३) ०.२ मोल मिठापासून ०.४ मोल आयन, म्हणजे २.४०८८ × १० चा २३ वा घात. ४) ५९.८ अधिक २९.६, म्हणजे सुमारे ८९.४, तक्त्यात हा आकडा ९० असा दिला जात असे. ५) ०.१४० मोल, म्हणजे ८.४३ × १० चा २२ वा घात.

(जलसंजीवनी सुरू असतानाही मूल सुस्त पडत असेल, पाणी पिऊ शकत नसेल, लघवी होत नसेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर विलंब न लावता जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे.)